धरणाच्या बॅकवॉटरला अपार्टमेंट प्रकल्प: पाण्याच्या रेषेपासून ताब्यापर्यंत, क्रमाने

पवना, पानशेत, भाटघर, गंगापूर किंवा मुळशीच्या पाण्याकाठी जागा धरून महागडे फ्लॅट बांधायला निघालेल्यांचा क्रम बहुधा असा असतो: आधी थ्रीडी चित्रे, मग बुकिंग, मग जमिनीचे कागद, आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी. इथे फसणारे प्रकल्प बांधकामाच्या दर्जामुळे क्वचित अडकतात. ते या उलट्या क्रमामुळे अडकतात. म्हणून खालचे टप्पे ज्या ओळीने दिले आहेत त्याच ओळीने घ्यावेत. एखादा टप्पा अर्धवट असताना पुढच्यावर पैसे लावू नयेत.

हिशेबासाठी एक नमुना धरला आहे: ४० गुंठे जागा, पार्किंगवर तीन मजले, २४ फ्लॅट, बहुतेक मालक शनिवार-रविवारी येणारे.

## टप्पा १: पाण्याची रेषा जमिनीवर उतरवा

धरणाला किमान तीन पातळ्या असतात. पूर्ण संचय पातळी, म्हणजे सगळे ज्याला ‘एफआरएल’ म्हणतात ती. तिच्या वर महत्तम जल पातळी, जिथपर्यंत पुरात पाणी चढू शकते. आणि खाली निम्नतम पातळी. चौथी रेषा कागदावरची असते, ती म्हणजे संपादन रेषा. धरणासाठी जमीन जिथपर्यंत संपादित झाली ती हद्द एफआरएलच्या बरीच वर असू शकते. तुमची खासगी मालकी या रेषेशी संपते, पाण्याशी संपत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पाणी आणि तुमचा प्लॉट यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी सरकारी पट्टा असतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन त्याच पट्ट्यातली. ती हंगामापुरती लागवडीला दिली जाते, अनेकदा धरणग्रस्तांनाच. तिथे कुंपण घालणे, पायऱ्या बांधणे, लॉन लावणे हे अतिक्रमण ठरते. विकणाऱ्याने ‘पाण्यापर्यंत आपलंच आहे’ असे म्हटले तरी सात-बारा आणि मोजणी काय म्हणते तेवढेच खरे.

करायचे काम:

१. संबंधित धरणाच्या पाटबंधारे उपविभागाकडे लेखी अर्ज करा. गट नंबर देऊन एफआरएल, महत्तम जल पातळी आणि संपादन रेषा मागा. मुळशी, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी हे तलाव टाटा पॉवरचे आहेत. तिथे काठालगतची जमीनही कंपनीच्या नावावर असू शकते, म्हणून हीच चौकशी कंपनीकडेही करावी लागते.

२. भूमी अभिलेख कार्यालयात हद्दी कायम करण्याची मोजणी लावा आणि ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) मिळवा. मोजणीच्या दिवशी लगतच्या गटांचे मालक हजर असावेत.

३. खासगी सर्व्हेअरकडून अर्ध्या मीटरच्या अंतराने समतल रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा काढून घ्या. त्याचा बेंचमार्क (उंची मोजायची पक्की खूण) धरणाच्या बेंचमार्कशी जोडलेला असला पाहिजे.

तिसऱ्या मुद्द्यावर सर्वाधिक घोटाळे होतात. जीपीएस रोव्हर (सर्व्हेअरचे उपग्रहावर चालणारे मोजणी यंत्र) मुळात जी उंची देतो ती समुद्रसपाटीपासूनची नसते. पुणे भागात या दोन उंचींमध्ये साठ मीटरहून अधिक फरक पडतो. सर्व्हेअर तो फरक जुळवून देतात, पण कोणत्या आधारावर जुळवला हे नकाशावर लिहीत नाहीत. मग पाटबंधारे खात्याची ६०० मीटर आणि तुमच्या नकाशातली ६०० मीटर या दोन वेगळ्या जागा निघतात. मीटरभराची चूकही सपाट काठावर दहा-पंधरा मीटर जमीन खाऊन जाते.

प्लॉट बॅकवॉटरच्या शेपटाकडे, ओढा किंवा नदी जिथे तलावाला मिळते तिथे असेल, तर नुसत्या एफआरएलवर विसंबू नका. पुराच्या वेळी तिथला पाण्याचा पृष्ठभाग धरणाजवळच्या पातळीपेक्षा उंच असतो, कारण वरून येणारे पाणी उताराने येत असते. नदीकाठच्या जमिनीला निळी रेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (१०० वर्षांतून एकदा येणारा पूर) लागू होतात. निळ्या रेषेच्या आत इमारत बांधता येत नाही. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळालीच तर जोते लाल रेषेच्या वर ठेवण्याची अट असते.

सावधान: पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेली धरणे २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत येत नाहीत. ‘पाणथळ नियम लागत नाही, म्हणजे अडचण नाही’ असे त्यावरून सांगितले जाते. जलसंपदा विभागाची बंधने वेगळी आहेत आणि ती राहतातच. नैसर्गिक तलाव असेल तर पाणथळ नियमही तपासावे लागतात.

तपासा: चारही रेषा चुना किंवा खुंट्या मारून जागेवर दाखवल्या का? त्या खुंट्यांच्या वरच्या बाजूला उरलेली जमीन किती? पुढचा सगळा व्यवहार त्या आकड्यावर करायचा. सात-बारावरचे क्षेत्र आता विसरा.

## टप्पा २: जमिनीचे कागद, विशेषतः ‘इतर हक्क’

धरणाकाठच्या गावांत साध्या जमिनी कमी. सात-बाराचा डावा रकाना सगळे वाचतात. अडचण उजवीकडे, इतर हक्कांत असते. तिथे हे शोधा:

- भोगवटादार वर्ग २. विक्रीला आणि वापर बदलायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, नजराणा भरावा लागतो.
- कुळकायदा कलम ४३ चा शेरा. कलम ३२ म चे (कुळाने जमीन विकत घेतल्याचे) प्रमाणपत्र आहे का, त्याला दहा वर्षे झाली का, हे पाहा.
- पुनर्वसनासाठी राखीव, किंवा प्रकल्पग्रस्ताला मिळालेली जमीन. हस्तांतरणबंदी उठल्याचा आदेश हातात असल्याशिवाय बयाणा देऊ नका.
- मूळ खातेदार आदिवासी. मावळ, मुळशी, इगतपुरीत हे नेहमी आढळते. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे परवानगीशिवाय झालेला व्यवहार मागे फिरतो, मध्ये कितीही हात बदललेले असोत.
- ‘वन’ किंवा खासगी वनाचा शेरा. १९७५ च्या खासगी वने कायद्याखालची नोंद फेरफारात जुन्या ठिकाणी दडलेली असते. आजच्या सात-बारावर ती नसली तरी वन विभागाचा लेखी खुलासा घ्या.

शेतजमीन नावावर घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो (कुळकायदा कलम ६३). कंपनी किंवा भागीदारी संस्थेच्या नावाने थेट खरेदीखतावर जाऊ नका. आधी वकिलाकडून वाट ठरवा: बिनशेती झाल्यावर खरेदी, की मूळ मालकाशी विकसन करार.

विकसन करार करणार असाल तर वारस मोजा. वडिलोपार्जित गटात बहिणींची नावे लागलेली असतात किंवा लागायची राहिलेली असतात. तोंडी संमतीवर काम सुरू होते आणि जोत्यापर्यंत आल्यावर दावा येतो. प्रत्येक सहधारकाची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र, यातले एक हवेच. किमान ३० वर्षांचा शोध अहवाल आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस ही त्यानंतरची पायरी.

## टप्पा ३: झोन आणि वाट

नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणा. शेती विभागात फार्महाऊसला वाव असतो, फ्लॅटच्या इमारतीला सहसा नसतो. गावठाणाच्या परिघात ठरावीक अंतरापर्यंत अधिमूल्य भरून निवासी वापर मिळू शकतो. ते अंतर गावठाणाच्या हद्दीपासून मोजतात, शेवटच्या घरापासून नव्हे. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर किंवा अधिक चढ असेल तिथे, बांधकामही नाही आणि डोंगर कापून सपाट करणेही नाही. समतल रेषांच्या नकाशावर असा भाग वेगळ्या रंगाने भरून घ्या. काठावरच्या सुंदर प्लॉटचा बराचसा भाग त्या रंगात जातो.

सह्याद्रीतल्या अनेक गावांची नावे पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत आहेत. गावाचे नाव यादीत आहे का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात.

आता वाट. गाडी जाते म्हणजे रस्ता आहे असे नव्हे. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला रस्ता, ग्रामीण मार्गाचा क्रमांक, किंवा नोंदणीकृत वहिवाटीचा हक्क, यापैकी काहीतरी कागदावर लागते. तहसीलदाराकडून महसूल संहितेच्या कलम १४३ खाली मिळालेली वाट शेतात जाण्यासाठी असते. तिच्यावर २४ फ्लॅटची परवानगी मिळवता येत नाही. रस्त्याच्या रुंदीवरच इमारतीची उंची आणि एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) ठरतो, म्हणून रुंदी कमी पडत असेल तर शेजाऱ्याकडून पट्टा विकत घ्यायची बोलणी जमीन घेण्याआधी करावीत. जमीन घेतल्यावर त्या पट्ट्याचा भाव वेगळाच होतो, आणि त्यात शेजाऱ्याचा दोष नाही.

याच वेळी गावाच्या वाटाही नोंदवून घ्या: गुरांच्या पाणवठ्याची, मासेमारी संस्थेच्या होड्यांची, विसर्जनाची, स्मशानाची. तुमच्या प्लॉटमधून अशी वाट जात असेल तर ती तीन-चार मीटर रुंद ठेवून आराखड्यात कायमची दाखवा. ती बंद करून बांधलेली भिंत गावात टिकत नाही, आणि तिच्यापायी बाकीची कामे अडतात ते वेगळेच.

तपासा: रस्त्याचा कागद, झोन दाखला, उताराचा नकाशा. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर इथेच थांबा.

## टप्पा ४: जमिनीखाली काय आहे, मे आणि सप्टेंबर दोन्ही महिन्यांत

मे महिन्यात खणलेला खड्डा कोरडा असतो. मुरूम लागतो, खाली काळा पाषाण लागतो, आणि इंजिनिअर उथळ पाया सुचवतो. सप्टेंबरात धरण भरल्यावर त्याच खड्ड्यात जमिनीपासून मीटरभरावर पाणी उभे असते. दोन्ही नोंदी हव्यात.

१. इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी मिळून चार-पाच बोअर घ्या, कठीण पाषाणात किमान तीन मीटर आत जा. सह्याद्रीत पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा किंवा सच्छिद्र खडकाचा थर सापडतो. वरचा कातळ पाहून बोअर थांबवला तर तो कळत नाही.

२. दोन बोअरमध्ये छिद्रांचा पीव्हीसी पाइप कायम ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी लिहा. त्याच तारखेची धरणाची पातळी शेजारी लिहा. दोन्ही बरोबर हलत असतील तर तुमची जमीन तलावाशी जोडलेली आहे.

३. जमिनीखालच्या टाक्या, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्लांट) आणि लिफ्टचा खड्डा यांची उचल, म्हणजे भूजल त्यांना वर किती ढकलते, ते तपासा.

तिसरा मुद्दा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या यादीतून निसटतो. ५ × ४ मीटरची, ३ मीटर खोल टाकी घ्या. भिंती २०० मिमी, तळ ३०० मिमी, वरचा स्लॅब १५० मिमी. तिचे वजन साधारण ४४ टन भरते. भूजल जमिनीच्या पातळीला आले तर तिला वर ढकलणारा जोर ६० टन. टाकी रिकामी असताना ती उचलली जाते, पाइप तुटतात, तळाला भेगा पडतात. साफसफाईसाठी ऐन ऑगस्टमध्ये टाकी रिकामी केली की हे हमखास होते. उपाय साधा आहे: तळाचा स्लॅब चारही बाजूंनी अर्धा मीटर बाहेर काढा, म्हणजे त्यावरची माती टाकीला धरून ठेवते. वरच्या मापांत त्यामुळे एकूण वजन ७५ टनांच्या पुढे जाते आणि जोर ६३ टनांवर राहतो, म्हणजे १.२ चे गुणोत्तर जेमतेम मिळते. आयएस ३३७० या काँक्रीटच्या टाक्यांच्या मानकाला तेवढे लागतेच. पाषाण जवळ असेल तर त्यात सळ्या रोवून टाकी बांधणे जास्त खात्रीचे.

तलावाकडच्या संरक्षक भिंतीचा धोका पावसाळ्यात कमी आणि नंतर जास्त असतो. धरणातून पाणी सोडले की पातळी झपाट्याने उतरते, भिंतीमागची माती मात्र ओलीच असते आणि समोरून आधार देणारे पाणी गेलेले असते. भिंत पुढे झुकते ती याच वेळी. भिंतीमागचे पाणी बाहेर काढणारे १०० मिमीचे पाइप दीड-दीड मीटरवर, मागे खडीचा गाळणथर आणि माती अडवणारे कापड, एवढे हवेच. जिथे जमेल तिथे काँक्रीटऐवजी जाळीतल्या दगडांची भिंत घ्या. तिच्यातून पाणी वाट काढते.

पाया आणि जोत्यापर्यंतचे काँक्रीट एम-३० दर्जाचे, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. ओले-कोरडे होत राहणाऱ्या भागात सळईवर ४५ मिमी आवरण, फुटिंगला ५० मिमी. आवरणासाठी साइटवर पडलेले खडे वापरू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे वापरा.

## टप्पा ५: पिण्याचे पाणी आणि सांडपाणी, आराखड्याच्या आधी

समोर तलाव आहे म्हणजे पाणी आहे, हा समज सर्वांत महागात पडतो. तलावातून पाणी उचलायला जलसंपदा विभागाची मंजुरी लागते आणि ती गृहीत धरून चालत नाही. गावाची नळयोजना गावापुरती असते. बोअरवेलचा भरवसा धरायचा तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सलग आठ तास उपसा करून, पातळी किती उतरली आणि परत चढायला किती वेळ लागला, हे लिहून घ्या. दिवाळीत घेतलेली चाचणी निरुपयोगी.

गरज: २४ फ्लॅट × ५ माणसे × १३५ लिटर, म्हणजे दिवसाला १६,२०० लिटर. बाग आणि तरणतलाव धरून २०,००० धरा. दोन दिवसांचा साठा ठेवा. अग्निशमनाचे पाणी वेगळे.

सांडपाण्याकडे जास्त लक्ष द्या. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते, खडकवासला साखळीचे पुणे. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा इथे चालत नाही, कारण भूजल वर आले की शोषखड्डा शोषत नाही, उलट भरून वाहतो.

कॅटलॉगमधून उचललेला एसटीपीही चालत नाही. तो रोज सारखे पाणी येईल असे धरून बनवलेला असतो. वीकेंड घरांत शनिवार-रविवारी रोज १३,००० लिटर येते आणि बाकी पाच दिवस २,००० च्या आसपास. आठवड्याचे मिळून ३६,०००, म्हणजे सरासरी दिवसाला ५,१००. पाच दिवस उपाशी राहिलेले जिवाणू शनिवारी आलेला लोंढा पचवू शकत नाहीत, आणि रविवारी दुपारी वास सुटतो, नेमके सगळे मालक बाल्कनीत बसलेले असताना.

म्हणून:

१. समतोल टाकी (आलेले सांडपाणी साठवून प्लांटला सारखे सोडणारी) नेहमीच्या सहा-आठ तासांच्या मापाची न घेता २०,००० ते २२,००० लिटरची घ्या. जोडून आलेल्या तीन सुट्ट्यांचे जादा पाणी सुमारे १९,००० लिटर होते, ते तिच्यात मावते. मग प्लांटला आठवडाभर सारखे पाणी देता येते.

२. या टाकीत हवा सोडायची सोय ठेवा. नाहीतर साठलेले पाणी कुजते.

३. १५,००० लिटरचा एकच प्लांट घेण्याऐवजी ७,५०० चे दोन समांतर घ्या. एक कायम चालू. दुसरा दिवाळी-नाताळच्या आधी आठवडाभर, पहिल्यातला गाळ टाकून सुरू करायचा.

४. ब्लोअर (प्लांटमध्ये हवा सोडणारे यंत्र) जनरेटरवर हवा. पावसाळ्यात या भागात वीज दिवसभर जाते, आणि हवा बंद झाली की जिवाणू मरतात.

५. शुद्ध केलेले पाणी कुठे जाणार ते लिहून ठरवा. फ्लशला आठवड्यात सुमारे १५,००० लिटर लागतात. बाकी २१,००० उन्हाळ्यात बागेला जातात, पावसाळ्यात बागेला थेंब नको असतो. ते तलावात सोडणे हा पर्याय धरू नका. प्लॉटच्या वरच्या, तलावापासून लांबच्या बाजूला वनस्पतींचे वाफे आणि मोठी साठवण टाकी यांची जागा आत्ताच राखा.

सावधान: एसटीपीला सर्वांत खालची जागा द्यायचा मोह होतो, कारण तिथे सगळे उताराने येते. तलावाच्या बाजूला ती नेमकी सर्वांत धोक्याची जागा. थोडे पंपिंग करावे लागले तरी तो महत्तम जल पातळीच्या वर ठेवा.

## टप्पा ६: आराखडा

आता आर्किटेक्टच्या हातात द्या: उरलेली जमीन, उताराचा नकाशा, एसटीपी आणि टाक्यांची जागा, गावची वाट. यानंतर चित्र काढायचे.

इमारत उताराला समांतर लांब ठेवली तर प्रत्येक फ्लॅटला पाणी दिसते, पण मागच्या गावाला भिंत दिसते आणि डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी तिच्यावर आदळते. दोन किंवा तीन लहान ब्लॉक करून मधून मोकळे पट्टे सोडणे बरे. पार्किंग डोंगराच्या बाजूला. इमारतीच्या मागे वळणनाली काढा आणि तिचे पाणी गाळकुंडातून जाऊ द्या.

लोणावळा-मावळ पट्ट्यात पावसाळ्यात ३,००० मिमीच्या पुढे पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येकडून आडवा येतो. तलाव पश्चिमेला असेल तर देखावा आणि झड एकाच बाजूने येतात. त्यामुळे:

- आतील फरशी आणि बाल्कनी यात किमान १०० मिमीचा उतरता फरक. ‘सलग फरशी’ मॅगझिनमध्ये छान दिसते. जुलैत पाणी दिवाणखान्यात येते.
- बाल्कनीला १०० ला १ उतार आणि दोन निचरे. एकात पान अडकतेच.
- सपाट गच्चीपेक्षा उतरते छप्पर. गच्ची हवीच असेल तर वॉटरप्रूफिंगवर ७२ तास पाणी भरून चाचणी घ्या, फरशी बसवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा.
- मोठ्या काचेच्या सरकत्या दारांची पाणी अडवण्याची चाचणी साइटवर नळीने झोत मारून घ्या. एक नमुना दार बसवून चाचणी झाल्याशिवाय बाकीची ऑर्डर देऊ नका.
- बंद घराला बुरशी लागते. बाहेरच्या भिंतीला कपाटाची पाठ लावू नका, खिडक्यांना बंद असतानाही हवा येणारी फट ठेवा, लाकूडकामाला आयएस ७१० चा (ओल सोसणारा मरीन) प्लाय वापरा.
- बाहेरचे दिवे २,७००-३,००० केल्विनचे, खाली झाकलेले. पांढऱ्या दिव्यांवर पाण्यावरचे किडे रात्रीत थर लावतात.

विजेसाठी: २४ × ८ किलोवॅट आणि सामाईक ४०, असा जोडभार २३२ किलोवॅट. निम्मा एकाच वेळी चालतो असे धरले तरी १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. २०० केव्हीएची जागा रस्त्यालगत ठेवा.

## टप्पा ७: परवानग्या आणि महारेरा

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत परवानगी पीएमआरडीए देते. इतरत्र जे नियोजन प्राधिकरण असेल ते, किंवा नगररचना विभागाच्या अभिप्रायावर जिल्हाधिकारी कार्यालय. क्रम असा: जलसंपदा विभागाचा ना हरकत, बिनशेतीची पूर्तता, आराखडा मंजुरी आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, मग महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची) नोंदणी. बिनशेतीचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी काय लागू आहे हे तहसीलमधून लेखी घ्या. पर्यावरण मंजुरी २०,००० चौरस मीटर बांधकामापासून लागते. नमुन्यातला प्रकल्प तिच्या खाली आहे.

जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त आणि फ्लॅट आठहून जास्त असतील तर नोंदणी सक्तीची. नोंदणीआधी जाहिरात, ‘प्री-लाँच’ संदेश, ‘इंटरेस्ट’ म्हणून घेतलेले टोकन, हे सगळे जाहिरातीत आणि विक्रीत मोडते. दंड प्रकल्पखर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नोंदणीनंतरही करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात, आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर व सीए यांच्या दाखल्यांवर, झालेल्या कामाच्या प्रमाणातच निघतात. जमिनीचे उसने पैसे बुकिंगमधून लगेच फेडू असा बेत असेल तर तो इथेच मोडतो.

पूर्णतेची तारीख टाकताना दरवर्षीचे चार पावसाळी महिने वजा करून टाका. तारीख चुकली तर व्याज बिल्डरवर.

ब्रोशरमध्ये काय लिहू नये: ‘प्रायव्हेट बीच’, ‘स्वतःची जेटी’, ‘कायमचा अबाधित लेक व्ह्यू’. पहिल्या दोन गोष्टी सरकारी पट्ट्यात येतात, तिसरी शेजारच्या प्लॉटवाल्याच्या हातात आहे. खोट्या वर्णनावर पैसे देणारा परतावा आणि भरपाई मागू शकतो. ऑगस्टचा फोटो टाकलात तर शेजारी मेचाही टाका. दोन्ही पाहून घेणारा गिऱ्हाईक नंतर भांडत नाही.

## टप्पा ८: बांधकामाचे वेळापत्रक

- ऑक्टोबर-नोव्हेंबर: रस्ता, वळणनाली, गाळकुंड. खोदाईच्या आधी.
- नोव्हेंबर ते जानेवारी: खोदाई. पाषाणाला ब्रेकर धरा. धरणाच्या परिसरात सुरुंगावर भिस्त ठेवू नका.
- फेब्रुवारी ते मे: पाया, जमिनीखालच्या टाक्या, भराव, जोते.
- ३१ मेपर्यंत: टाक्यांभोवतीचा भराव पूर्ण. अर्धवट राहिल्या तर त्यात पाणी भरून ठेवा, म्हणजे उचलल्या जाणार नाहीत.
- जून ते सप्टेंबर: मातीकाम बंद. वरचे मजले आणि आतली कामे.

खोदलेली माती तलावाच्या उतारावर ढकलू नका. पहिल्याच मुसळधार पावसात ती पाण्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी काम बंदची नोटीस येते. उघड्या उतारांवर मेच्या शेवटी गवताचे गड्डे लावा.

तपासा: १ जूनला साइटवर एकही उघडा खड्डा, सैल भराव किंवा रेतीचा ढीग पाण्याच्या बाजूला नसावा.

## टप्पा ९: भोगवटा आणि ताबा

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय चाव्या देऊ नका, ‘फर्निचरसाठी’ म्हणूनही नाही. एसटीपी ताब्याआधी किमान दोन महिने चालवून पाण्याचे नमुने तपासून घ्या. ५१ टक्के बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीचा अर्ज करायचा असतो, आणि वीकेंड प्रकल्पांत तो हमखास राहतो, कारण मागणारे कुणी तिथे राहत नाही. मग प्लांट आणि पंपांची देखभाल वाऱ्यावर.

सोसायटीला द्यायच्या फायलीत हे हवे: चारही रेषा दाखवणारा नकाशा, भूजलाच्या पंधरवडी नोंदी, ‘पावसाळ्यात ही टाकी रिकामी करू नये’ अशी टाकीवरच रंगवलेली सूचना, एसटीपीच्या दोन समांतर प्लांटचे वेळापत्रक, बोअरच्या मे महिन्यातल्या चाचणीचा तक्ता, आणि गावच्या वाटेची नोंद. संरचनेतल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे तुमच्यावरच असते. भूजलाच्या नोंदी त्या पाच वर्षांतही चालू ठेवा.